चिंची चेटकिणीचं माहेर

पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात काय किंवा दादरच्या शिवाजी मंदिरात काय, परीकथेचं बालनाट्य रंगतं ते चेटकीण आल्यावर. राजा, राजकन्या सगळी तोंडी लावायला. गोष्टीत घाबरवायला ठेवलेली ही बाई आपल्याकडे नाटकच खिशात घालते, ते कशाच्या जोरावर? परदेशी संगीत रंगभूमीनंही चेटकिणीला मोठं केलं. ब्रॉडवेवर १९८७ साली आलेलं ‘इन्टू द वुड्स’ आणि २००३ मधलं ‘विकेड’ तिला भूतकाळ देतात, तिची बाजू मांडतात. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चेटकीण चिंची मात्र असली कैफियत घेऊन येत नाही. ती दुष्टच आहे आणि त्यात मजेत आहे. मतकरींनी कुठल्या एका परीकथेचं भाषांतर केलं नाही. चेटकीण, राजा, राजकन्या हा ऐवज घेतला आणि तो मराठी तालावर नाचवला. माझ्या मते खरा बदल झाला तो पात्रनिवडीत. आधी दिलीप प्रभावळकर आणि २०१८ साली चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात वैभव मांगले, म्हणजे चिंची पुरुषानं रंगवली. लुगडं नेसलेला, ठसक्यात बोलणारा, प्रेक्षकांशी थेट सलगी करणारा पुरुष मराठी माणसाला नवा नाही. तमाशाच्या गवळणीतली मावशी म्हणजे असाच पुरुष. चिंचीचं माहेर परीकथांतल्या जर्मनीच्या जंगलात नसून तमाशाच्या फडावर आहे. म्हणून तिचं भय गाण्याबरोबर विरघळतं आणि मुलं खुर्चीत दबून न बसता तिला उलट उत्तरं देतात.

यावर एक आक्षेप असा, की जादूटोणाविरोधी कायदा (२०१३) करणाऱ्या राज्यात मुलांना चेटकीण दाखवायचीच कशाला? पण अंधश्रद्धा धाकावर जगते, आणि इथे तर धाकाचीच फजिती होते. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे: पुरुषाला बाईचे कपडे घालून हशा मिळवणं म्हणजे बाईचीच टिंगल नव्हे का? नुसत्या लुगड्यावर हशा घेणाऱ्या नटाच्या बाबतीत हे खरंच आहे. पण चिंची हसवते ती स्वतःच्या हुशारीच्या फुशारकीनं, आणि त्यासाठी पुरुषच लागतो असंही नाही. १९५९ साली सुधा करमरकरांनी मतकरींचंच ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं, तेव्हा त्यातली चेटकीण त्यांनी स्वतः केली होती. पुढच्या चिंचीसाठी एखाद्या दमदार अभिनेत्रीला विचारायला निर्मात्यांची काय हरकत आहे?