प्रवेशप्रक्रियेतील न्याय : गुणवत्तायादीपासून शुल्कपावतीपर्यंत

दरवर्षी ‘नीट’चा निकाल लागला की आमच्या चिकित्सालयात रुग्णांसमवेत पालकही येऊ लागतात. “वैद्यराज, मुलीला बी.ए.एम.एस.ला घालायचे आहे. एक गृहस्थ जागा मिळवून देतो म्हणतात. पैसे द्यावेत का?” हा प्रश्न औषधविक्रेत्या बंधूंच्या दुकानातही विचारला जात असेलच. त्याचे जबाबदार उत्तर देता यावे, म्हणून प्रवेशाची वाट कशी आखली आहे व ती कोठे निसरडी होते, हे येथे थोडक्यात मांडत आहोत.

शिष्याची पारख आपल्या शास्त्राला नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसरा अध्याय ‘शिष्योपनयनीय’ हाच आहे. चरकाच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याने शास्त्र व आचार्य पारखावे आणि आचार्याने शिष्य पारखावा, असा क्रम आहे. तत्कालीन वर्णभेदाची छाया या ग्रंथांवर आहे, हे मान्यच केले पाहिजे; परंतु धनाच्या बळावर शिष्यत्व मिळावे, असे तेथे कोठेही नाही.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेण्यास सन १९८७ च्या अधिनियमानेच बंदी आहे. सन २००२ मध्ये टी. एम. ए. पै प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित संस्थांची स्वायत्तता मान्य केली. त्यानंतर १२ ऑगस्ट २००५ रोजी ‘पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने या स्वायत्ततेची मर्यादा स्पष्ट केली : प्रवेशप्रक्रिया न्याय्य, पारदर्शक आणि शोषणरहित असली पाहिजे. पुढे राज्याच्या सन २०१५ च्या अधिनियमाने प्रवेश नियामक व शुल्क नियामक अशी दोन प्राधिकरणे निर्माण केली.

आयुर्वेदाच्या प्रवेशासाठी नीटमधील किमान पर्सेंटाइलची अट योग्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. जागा रिक्त राहतात, हे अट शिथिल करण्याचे कारण होऊ शकत नाही, असा त्याचा आशय होता. आयुर्वेदाच्या वैद्यापुढेही रुग्णच बसतो. मग निकष कमी का असावा?

परीक्षेनंतरची वाट

परीक्षा कडक झाली म्हणजे प्रवेश शुद्ध झाले, असा समज मात्र भाबडा ठरतो. उत्तर प्रदेशात सन २०२१ च्या आयुष प्रवेशप्रक्रियेत नीटच्या गुणवत्तेच्या नोंदींत फेरफार झाल्याचा आरोप पुढे आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ८९१ विद्यार्थ्यांना निलंबित करण्यात आले. येथे संशय प्रश्नपत्रिकेवर नव्हता. परीक्षा आणि प्रवेश यांच्यामधील यादीवर होता. व्याधी नेमक्या कोणत्या स्थानी आहे हे न ओळखता केलेली चिकित्सा जशी निष्फळ, तशीच केवळ परीक्षाकेंद्रावरील दक्षताही अपुरी.

म्हणून यादी जाहीर असणे, हेच पारदर्शकतेचे मर्म होय. कोणत्या गुणवत्ताक्रमांकाला कोणते महाविद्यालय, कोणत्या प्रवर्गातून व कोणत्या फेरीत मिळाले, हे कोणाही पालकास पडताळता आले पाहिजे. शेवटच्या फेऱ्यांत व संस्थास्तरीय कोट्यात ही दक्षता अधिक हवी. कारण वेळ थोडा, पालक हवालदिल आणि मध्यस्थ तत्पर, असा तो काळ असतो.

पालकांस काय सांगावे?

एक, आपला गुणवत्ताक्रमांक सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या यादीत स्वतः पाहावा. दोन, महाविद्यालयाचे मान्य शुल्क शुल्क नियामक प्राधिकरणाच्या नोंदीवरून पडताळावे. तीन, पावतीविना एक रुपयाही देऊ नये. संस्थास्तरीय जागाही नीटच्या गुणवत्तेनुसारच भरावयाच्या असतात. तेव्हा ‘जागा मिळवून देणाऱ्या’स विकण्यासारखे न्याय्य असे काहीच नसते. प्रवेश रद्द झाल्यास मध्यस्थ हात झटकतो. वर्षे मात्र विद्यार्थ्याची जातात.

वैद्यबंधूंनो, समाज आपल्या शब्दावर औषध घेतो, तसाच मुलांच्या शिक्षणाचा सल्लाही घेतो. ओळखीखातर एखाद्या मध्यस्थाचा दूरध्वनी क्रमांक पुढे करणे आपणांस क्षुल्लक वाटेल. परंतु त्या क्षणी गुणवत्तायादीत वर असलेल्या एका अनोळखी विद्यार्थ्याची जागा हिरावण्यास आपला हातभार लागतो. उद्या आपल्या शास्त्राची धुरा वाहण्यास कदाचित तोच अधिक योग्य असेल. निदान आपल्या चिकित्सालयातून व दुकानातून तो क्रमांक कोणासही मिळू नये, एवढा निश्चय आपण सर्वांनी करावा.