चित्रपट निवडण्याची माझी कसोटी

अभ्यासवर्गातले विद्यार्थी विचारतात, 'सर, कोणते चित्रपट पाहावेत?' माझी आवड सांगण्याआधी मी कसोटी सांगतो : पडद्यावरच्या दलित-भटक्या माणसाला माणूस ठरण्यासाठी काय मोजावे लागते?

'अछूत कन्या' (१९३६) मधली कस्तुरी इतरांना वाचवण्यासाठी आगगाडीसमोर धावते आणि मरते. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'ला (१९५९) स्वतःचे रक्त द्यावे लागते, तेव्हा कुठे सांभाळणारी आई तिला मुलगी मानते. या चित्रपटांचे हेतू चांगले होते हे मी नाकारीत नाही. पण ती सहानुभूती होती, समता नव्हे.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला (२०१३) जब्या अशी किंमत देत नाही. गावादेखत डुक्कर धरायला लावलेला, हिणवला गेलेला हा पोरगा शेवटी दगड भिरकावतो, आणि तो थेट प्रेक्षकांवर येतो. आनंद पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड' (२०११) १४ वर्षे चित्रित केला. १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतरची वस्ती त्यात स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या गाण्यांतून बोलते.

हे दोन आधी पाहा. मग जुने दोनही पाहा, टाळू नका. दया कोणती आणि हक्क कोणता, हे त्याशिवाय नीट कळत नाही.