नायजरमधील घटनात्मक पेचप्रसंग (२००९–१०)

पश्चिम आफ्रिकेतील नायजर प्रजासत्ताकात राष्ट्राध्यक्ष मामादू तांजा (१९३८–२०२०) यांनी संविधानाने ठरवून दिलेल्या मुदतीपलीकडे सत्तेवर राहण्यासाठी संसद व संविधान न्यायालय विसर्जित केल्यामुळे उद्‌भवलेला राजकीय व कायदेशीर संघर्ष. मे २००९ मध्ये त्याला प्रारंभ झाला आणि १८ फेब्रुवारी २०१० रोजी लष्कराने तांजा यांना पदच्युत केल्यावर त्याचा पहिला टप्पा संपला. लिखित संविधान कितीही काटेकोर असले, तरी त्याच्या संरक्षक संस्था मोडून काढणाऱ्या सत्ताधाऱ्यास आवरावे कोणी, हा प्रश्न या प्रसंगाने ठळकपणे पुढे आणला.

पार्श्वभूमी : नायजर ही फ्रान्सची वसाहत ३ ऑगस्ट १९६० रोजी स्वतंत्र झाली. पहिले राष्ट्राध्यक्ष हामानी दिओरी यांना १५ एप्रिल १९७४ रोजी सेनी कूंचे यांच्या नेतृत्वाखालील लष्करी उठावाने सत्ताभ्रष्ट केले. तांजा हे त्या उठावात सहभागी झालेले एक लष्करी अधिकारी होते. १९९१ च्या राष्ट्रीय परिषदेनंतर बहुपक्षीय लोकशाही आली आणि १९९३ मध्ये महामान उस्मान राष्ट्राध्यक्ष झाले; परंतु १९९५ च्या निवडणुकीत संसदेतील बहुमत विरोधकांकडे गेल्याने राष्ट्राध्यक्ष व पंतप्रधान यांच्यात कोंडी निर्माण झाली. तिचे निमित्त करून इब्राहिम बारे मैनासारा यांनी २७ जानेवारी १९९६ रोजी सत्ता बळकावली. ९ एप्रिल १९९९ रोजी मैनासारा यांची नीआमे येथील विमानतळावर हत्या झाली. त्यानंतर दाऊदा मालाम वांके यांच्या लष्करी राजवटीने नवे संविधान सार्वमतास टाकले, निवडणुका घेतल्या आणि सत्ता नागरी सरकारच्या हाती सोपविली.

पाचव्या प्रजासत्ताकाच्या या संविधानात (१९९९) पूर्वीच्या अनुभवांचा ठसा स्पष्ट दिसतो. अनुच्छेद ३६ नुसार राष्ट्राध्यक्षाचा कार्यकाल पाच वर्षांचा असून त्याला फक्त एकदाच पुन्हा निवडून येता येई. अनुच्छेद १३६ ने ही तरतूद, प्रजासत्ताक शासनपद्धती, बहुपक्षपद्धती व धर्मनिरपेक्षता या बाबी दुरुस्तीच्या कक्षेबाहेर ठेवल्या होत्या. संविधान न्यायालयाच्या निर्णयांवर अपील करण्याची सोय नव्हती. ते सर्व सत्तांवर बंधनकारक होते.

तांजा हे १९९९ मध्ये महामदू इसूफू यांचा पराभव करून निवडून आले आणि २००४ मध्ये पुन्हा विजयी झाले. त्यांची मुदत २२ डिसेंबर २००९ रोजी संपणार होती.

मुदतवाढीची चळवळ : २००८ च्या अखेरीस तांजा यांच्या समर्थकांनी ‘ताझार्चे’ (हौसा भाषेत ‘चालू ठेवणे’) या घोषणेखाली मेळावे सुरू केले. हाती घेतलेली मोठी कामे पुरी होईपर्यंत राष्ट्राध्यक्षांनी पदावर राहावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. या कामांत इमूरारेन येथील ⇨ युरेनियमची खाण, नायजर नदीवरील कांदाजी धरण आणि चीनच्या साहाय्याने झिंडर भागात उभारावयाचा तेलशुद्धीकरण कारखाना यांचा समावेश होता. तांजा यांनी प्रारंभी आपण मुदतीनंतर पद सोडणार असल्याचे सांगितले होते. मात्र मे २००९ मध्ये जनतेच्या इच्छेचा हवाला देऊन त्यांनी नव्या संविधानासाठी सार्वमत घेण्याचा मनोदय प्रकट केला. जुन्या संविधानातील अनुच्छेद ३६ दुरुस्त करता येत नव्हता. म्हणून दुरुस्तीऐवजी संपूर्ण संविधानच बदलण्याचा हा मार्ग होता.

संस्थांशी संघर्ष : राष्ट्रीय सभेच्या सदस्यांनी या बेताबाबत संविधान न्यायालयाचे मत मागविले. संविधानाचे पालन करण्याची शपथ घेतलेल्या राष्ट्राध्यक्षाला शपथभंग केल्याशिवाय ते बदलण्याचा उपक्रम करता येणार नाही, असे मत न्यायालयाने २५ मे रोजी दिले. दुसऱ्याच दिवशी तांजा यांनी राष्ट्रीय सभा विसर्जित केली. ११३ सदस्यांच्या सभेत त्यांच्या पक्षाचे केवळ ४७ सदस्य होते. उस्मान यांच्या पक्षाच्या २२ सदस्यांच्या पाठिंब्यावर त्यांचे बहुमत अवलंबून होते आणि सार्वमताला त्या पक्षाचा विरोध होता. जूनच्या अखेरीस तो पक्ष सरकारमधून बाहेर पडला.

५ जून रोजी निघालेल्या हुकूमनाम्याने सार्वमतासाठी ४ ऑगस्ट ही तारीख मुक्रर केली. १२ जून रोजी संविधान न्यायालयाने तो हुकूमनामा रद्दबातल ठरविला. पूर्वीचे मत सल्लादायी होते. हा मात्र बंधनकारक निर्णय होता. २६ जून रोजी तांजा यांनी अनुच्छेद ५३ खालील असाधारण अधिकार धारण केले आणि २९ जून रोजी न्यायालय विसर्जित करून पुढे हुकूमनाम्याने नवे सदस्य नेमले. फ्रान्सच्या १९५८ च्या संविधानातील अनुच्छेद १६ च्या धर्तीवरील ही तरतूद प्रजासत्ताकाच्या संस्थांना गंभीर धोका निर्माण झाल्यास त्यांचे रक्षण व्हावे यासाठी होती. येथे तिचाच उपयोग त्या संस्था नष्ट करण्यासाठी झाला. विरोधी पक्षांनी या कृतीचे वर्णन राज्यसत्तेचा अवैध कबजा असे केले. कामगार संघटनांनी संप पुकारले, निदर्शने झाली व काही नेत्यांना अटक करण्यात आली.

विरोधकांच्या बहिष्कारात ४ ऑगस्टचे सार्वमत पार पडले. सरकारी आकडेवारीनुसार सु. ६८ टक्के मतदान होऊन ९२ टक्क्यांहून अधिक मते प्रस्तावाच्या बाजूने पडली. विरोधकांच्या मते मतदान ५ टक्क्यांपेक्षाही कमी होते. सहाव्या प्रजासत्ताकाच्या या संविधानाने तांजा यांना निवडणुकीविना आणखी तीन वर्षे मिळाली, कार्यकालांच्या संख्येवरील मर्यादा गेली आणि शासनाची सूत्रे राष्ट्राध्यक्षाच्या हाती एकवटली. २० ऑक्टोबर रोजी झालेल्या संसदीय निवडणुकीवरही प्रमुख विरोधी पक्षांनी बहिष्कार टाकला.

आंतरराष्ट्रीय प्रतिक्रिया : एकोवास या पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या आर्थिक संघटनेने निवडणूक पुढे ढकलण्याची मागणी केली होती. ती डावलली गेल्यावर संघटनेने नायजरला निलंबित केले आणि नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख अब्दुलसलामी अबुबकर यांच्यामार्फत मध्यस्थी केली. यूरोपीय संघाने विकाससाहाय्य थांबविले. अमेरिकेनेही डिसेंबरमध्ये मानवतावादी मदतीखेरीज अन्य साहाय्य स्थगित केले. मात्र वाटाघाटींतून तोडगा निघाला नाही. त्याच सुमारास अपुऱ्या पावसामुळे देशावर अन्नटंचाईचे सावट होते. परकीय साहाय्यावर मोठ्या प्रमाणात विसंबून असलेल्या देशातील सामान्य जनतेस या कोंडीची झळ बसणे अपरिहार्य होते.

लष्करी हस्तक्षेप व पुनर्रचना : १८ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना सैनिकांच्या एका गटाने नीआमे येथील राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर हल्ला करून तांजा यांना ताब्यात घेतले. सालू जिबो यांच्या अध्यक्षतेखालील लष्करी मंडळाने संविधान स्थगित केले व लोकशाहीच्या पुनःस्थापनेचे आश्वासन दिले. आफ्रिकी संघाने या उठावाचा निषेध करून नायजरचे सदस्यत्व निलंबित केले. राजधानीत मात्र उठावाच्या समर्थनार्थ मोठे मेळावे भरले. मंडळाने आपला शब्द पाळला. ३१ ऑक्टोबर २०१० च्या सार्वमतात सातव्या प्रजासत्ताकाचे संविधान सु. ९० टक्के मतांनी संमत झाले. १२ मार्च २०११ रोजी झालेल्या दुसऱ्या फेरीत इसूफू यांनी तांजा यांच्या पक्षाचे सेनी ऊमारू यांचा पराभव केला व ७ एप्रिल रोजी पदग्रहण केले. तांजा यांची मे २०११ मध्ये कारावासातून सुटका झाली.

मूल्यमापन : या प्रसंगात न्यायालयाने कर्तव्यात कसूर केली नाही, दबाव असताही त्याने दोनदा स्पष्ट शब्दांत आपले मत नोंदविले. परंतु आपला निर्णय अंमलात आणण्याचे साधन न्यायालयाकडे नव्हते आणि संसद आधीच विसर्जित झाली होती. सार्वमत हे जनतेच्या सार्वभौमत्वाचे साधन असले, तरी न्यायालय व संसद यांच्या अनुपस्थितीत ते केवळ सत्ताधाऱ्याच्या इच्छेचे शिक्कामोर्तब ठरू शकते, हेही दिसून आले. शेवटी संविधानभंगावर उपाय झाला तो दुसऱ्या संविधानबाह्य कृतीने. १९९९ च्या संविधानाने आधीच्या दोन लष्करी उठावांच्या कर्त्यांना माफी दिली होती. २०१० च्या संविधानानेही १८ फेब्रुवारीच्या उठावाबाबत तेच केले. सशस्त्र हस्तक्षेप हा राजकीय कोंडीवरील क्षम्य उपाय आहे, ही समजूत त्यामुळे दृढ होण्याचा धोका राहिला.

नव्या संविधानाने राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन मुदतींची मर्यादा आणि कोणत्याही कारणाने मुदत वाढविण्यास मनाई या तरतुदी दुरुस्तीपलीकडे ठेवल्या. इसूफू यांनी ती मर्यादा पाळून २ एप्रिल २०२१ रोजी निर्वाचित महंमद बाझूम यांच्याकडे सूत्रे सोपविली. नायजरच्या इतिहासातील एका निर्वाचित राष्ट्राध्यक्षाकडून दुसऱ्याकडे झालेले हे पहिलेच सत्तांतर होय. तथापि २६ जुलै २०२३ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकदलाचे प्रमुख अब्दुरहमान तियानी यांनी बाझूम यांना पदच्युत केले आणि हे संविधानही स्थगित झाले. २००९ मध्ये संविधानाला धोका निर्माण झाला तो मुदत संपत आलेल्या राष्ट्राध्यक्षाकडून. २०२३ मध्ये तो त्याच्या रक्षकांकडून निर्माण झाला. पहिल्या धोक्याविरुद्ध घातलेले निर्बंध दुसऱ्यापुढे निरुपयोगी ठरले.