खानदेशची जीप, द्रासची थंडी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिसाच्या पुढे सरकला की जुन्या जीपच्या मालकाला एकच धास्ती असते, रेडिएटर उकळण्याची. मग गॅरेजात ठरलेले उपाय होतात. थर्मोस्टॅट काढून टाकायचा, इंजिनात जाड ऑइल भरायचं, रेडिएटरमध्ये साधं पाणी. धुळ्याच्या हिवाळ्यात पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हाही अशी गाडी चोक ओढून दोन-चार सेल्फ मारले की सुरू होते. तीच जीप जानेवारीत द्रासला न्यायची ठरली, तर यातला प्रत्येक उपाय अंगाशी येतो. तिथे रात्री पारा उणे 20 अंशांच्याही खाली जातो.

पहिला घात पाण्याचा. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि बिडाचा ब्लॉक तडकवतं. म्हणून कुलंट आणि पाणी निम्मं-निम्मं भरायचं. हे मिश्रण उणे 35 अंशांच्या आसपासही गोठत नाही.

थर्मोस्टॅटचं मोल तर तिथेच कळतं. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणं, एवढंच या छोट्या व्हॉल्व्हचं काम. तो नसेल तर इंजिन थंडच राहतं, पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. तो परत बसवायचा, वर रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून वाराही अडवायचा. उन्हाळाभर रेडिएटरला वारा मिळावा म्हणून धडपडणाऱ्या मेकॅनिकला हे पटायला जड जाईल, पण दुसरा इलाज नाही.

पुढची अडचण बॅटरीची. 1941 ते 1945 या काळात विलिस आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक लष्करी जीप बनवल्या. इंजिन 2.2 लिटरचं, ताकद 60 अश्वशक्ती, बॅटरी मात्र 6 व्होल्टची. थंडीत बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो आणि घट्ट झालेलं ऑइल इंजिन फिरू देत नाही. त्यामुळे अनेक हौशी मालक 12 व्होल्टची वायरिंग करून घेतात आणि पातळ ऑइल वापरतात. हाताने फिरवायचं हॅण्डल तरीही जवळ हवंच.

महिंद्रने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढच्या डिझेल जीपना थंडीत वेगळीच अडचण येते: डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहतं.

उंचीवर हवा विरळ, त्यामुळे कार्बोरेटर पेट्रोल जास्त सोडतो आणि काळा धूर निघतो. जेट लहान बसवावा लागतो. एवढं करूनही खारदुंग ला खिंड चढताना 60 अश्वशक्तीतली जेमतेम निम्मी हाती उरते.

बर्फावर ब्रेक दाबला की गाडी घसरलीच. उतारावर फोर-व्हील लो टाकून इंजिनाच्या ओढीवरच वेग आवरायचा, चाकांना साखळ्या बांधायच्या. रात्री हॅण्डब्रेक ओढून ठेवू नये, ओले ब्रेक-लायनर ड्रमला गोठून चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावणं बरं.