लांडगा, कोल्हा आणि कळपाची राखण

खरिपाची पिके निघाली, की मोकळ्या रानात मेंढपाळांचे कळप उतरू लागतात. चार-सहा रात्री मेंढ्या शेतात बसविल्या तर जमिनीला लेंडीखत व मूत मिळते, म्हणून शेतकरीही त्यांची वाट पाहत असतात. नेमक्या याच दिवसांत, साधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान, माळरानावरील लांडग्याच्या मादीला पिले होतात. घरात खाणारी तोंडे वाढली की नर-मादीची धावपळ वाढते. पूर्वी काळवीट, चिंकारा व ससे पुष्कळ होते. आता बहुतेक माळांवर लांडग्याला सहज सापडणारे भक्ष्य म्हणजे आपल्या शेळ्या-मेंढ्याच होत. त्यामुळे दरवर्षी हिवाळा आला की "लांडगा मारण्यासाठी काय टाकावे?" अशी विचारणा शेतकरी बंधूंकडून होते. त्याचे सरळ उत्तर असे, की काहीही टाकू नये. असे का, आणि मग करावे तरी काय, याचा विचार या लेखात केला आहे.

अमेरिकेतील कोयोटचा अनुभव

मारण्याने प्रश्न सुटतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील मेंढपाळांचा अनुभव उपयोगी पडतो. तेथे कोयोट नावाचा प्राणी आहे. तो आपल्या कोल्ह्याचा जवळचा भाऊबंद, वजनाने साधारण ९ ते १८ किलो. कोकरे पळविण्यात तो पटाईत आहे. त्याला मारण्यासाठी सरकारने १९१५ सालापासून पगारी शिकारी नेमले, १९३१ मध्ये त्यासाठी खास कायदा केला, सापळे लावले, विषारी आमिषे पेरली. विषाने इतर प्राणी-पक्षीही मरू लागले तेव्हा १९७२ मध्ये सरकारी जमिनीवरील विषप्रयोगाला बंदी घालण्यात आली.

तेथील शिकाऱ्यांची एक पद्धत मोठी गमतीची आहे. पहाटे झुडपाच्या आडोशाला वाऱ्याकडे तोंड करून बसायचे आणि जखमी सशाच्या किंकाळीसारखा आवाज शिट्टीतून काढायचा. थोडा वेळ वाजवायचे, थांबायचे, पुन्हा वाजवायचे. आयते भक्ष्य सापडले असे समजून कोयोट जवळ येतो. मात्र तो सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि आधी वास घेतो. म्हणून शिकाऱ्याला पुढच्यापेक्षा खालच्या अंगाला जास्त लक्ष ठेवावे लागते. विणीच्या हंगामात कोयोटच्या हुकीची किंवा पिलाच्या रडण्याची नक्कल केली तर हद्दीचे मालक असलेले नर-मादी चवताळून येतात. पण एकदा फसून जिवंत सुटलेला कोयोट त्या आवाजाला सहसा पुन्हा भुलत नाही.

एवढे सगळे करून काय झाले? मूळचा पश्चिमेकडील कुरणांत राहणारा हा प्राणी आज जवळजवळ संपूर्ण उत्तर अमेरिकेत पसरला आहे. अलीकडच्या काळातही तेथील सरकारी यंत्रणा वर्षाला पन्नास हजारांहून अधिक कोयोट मारते, तरी तो संपत नाही. याचे कारण शास्त्रज्ञांनी शोधले आहे. हद्द धरून राहणारी जोडी दुसऱ्यांना आत येऊ देत नाही. ती मारली की मोकळ्या जागेत तरुण, भटके प्राणी शिरतात. खाणारी तोंडे कमी झाल्याने उरलेल्यांना अन्न भरपूर मिळते, माद्या लवकर विऊ लागतात आणि अधिक पिले जगतात. कॅलिफोर्नियातील १९७५ सालच्या एका अभ्यासाप्रमाणे वर्षाला सुमारे ७० टक्के कोयोट मारले तरी त्यांची संख्या टिकून राहू शकते. कोकरांची शिकारही प्रामुख्याने पिले असलेल्या जोड्याच करतात. म्हणजे दिसेल तो मारत सुटल्याने भलताच मरतो आणि खरा गुन्हेगार सुटतो.

लांडगा हा कोयोट नव्हे. लांडगे मारले तर ते खरोखरच संपतील, कारण आपल्याकडे ते फार थोडे उरले आहेत. परंतु रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही, ही गोष्ट आपल्याकडेही खरी आहे. लांडगा गेलेल्या माळावर गावाची मोकाट कुत्री टोळीने हिंडू लागतात, आणि त्यांचा उपद्रव कमी नसतो. जुन्नर भागात बिबट्यांच्या बाबतीत असेच काहीसे घडले. २००१ नंतर तेथे बिबटे पकडून दूर सोडण्यात आले. त्या काळात माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वर्षाला सरासरी ४ वरून १७ पर्यंत वाढले, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

कायदा काय सांगतो

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे. कोल्हा, खोकड, तरस व बिबट्या यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. शिकार म्हणजे केवळ बंदुकीने मारणे नव्हे. फासे लावणे, विष घालणे, आमिष ठेवणे, हाकारा करणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच होय. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला ३ ते ७ वर्षे कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड आहे. मेलेल्या मेंढीवर कीटकनाशक टाकणाऱ्याला हे ठाऊक नसते. त्या विषाने त्याचा स्वतःचा राखणीचा कुत्राही मरतो, हे मात्र त्याला दुसऱ्या दिवशी कळते.

आधी चोर ओळखा

एकदा एका वस्तीवर आम्हाला बोलावणे आले. रात्रीत नऊ करडे मारली होती आणि सगळी वस्ती लांडग्याला शिव्या घालीत होती. पाहिले तर करडांचे कान, मागच्या मांड्या व शेपट्या फाडलेल्या होत्या, एकही करडू खाल्लेले नव्हते. ठसे लहान-मोठे असे अनेक प्रकारचे होते. ते काम गावातल्याच कुत्र्यांचे होते, आणि त्यांपैकी दोन आमच्याभोवती शेपूट हलवीत उभी होती.

म्हणून मेलेले जनावर नीट पाहावे. कुत्री कोठेही चावतात, पुष्कळ जनावरे जखमी करतात व खातात थोडे. लांडगा बहुधा मान किंवा गळा धरतो आणि जमल्यास जनावर उचलून नेतो. कोल्हा लहान करडे-कोकरे पळवितो, मोठ्या जनावराला सहसा हात लावीत नाही. बिबट्या गळा धरून ठार करतो व ओढीत आडोशाला नेतो. बिबट्याच्या ठशात नखे दिसत नाहीत. कुत्रा, लांडगा व कोल्हा यांच्या ठशात ती दिसतात. कुत्रा व लांडगा यांचे ठसे मात्र एकमेकांपासून वेगळे करणे जाणकारालाही अवघड जाते, तेव्हा नुसत्या ठशावरून निर्णय करू नये. आणखी एक खूण महत्त्वाची आहे. दाताच्या जखमेभोवतीचे कातडे सोलून पाहिल्यास आत रक्त साकळलेले असेल तर जनावर जिवंत असताना चावा बसला असे समजावे. रक्त साकळलेले नसेल तर ते आधीच रोगाने मेले आणि नंतर कोणीतरी खाल्ले. अशा वेळी राखणीपेक्षा आंत्रविषार किंवा पीपीआरच्या लसीकडे लक्ष देण्याची गरज असते. रोगाची शंका असल्यास कातडे स्वतः न सोलता पशुवैद्यकास बोलवावे. विशेषतः नाकातोंडातून काळसर रक्त आलेले जनावर कधीही उघडू नये, कारण तो फाशी रोग असू शकतो.

राखणीचे उपाय

जखमी सशाच्या आवाजाने कोयोट येतो, हे वर पाहिले. आपणही नकळत तेच करीत असतो. आई चरायला गेल्यावर करडे वस्तीबाहेर डालग्याखाली कोंडून ठेवतात आणि ती दिवसभर ओरडतात. भुकेल्या करडाचे ओरडणे म्हणजे लांडग्याला व कोल्ह्याला दिलेली हाकच होय. डालगे त्यांना सहज उलथते. म्हणून करडे व कोकरे वस्तीच्या मधोमध, माणसाच्या नजरेखाली ठेवावीत. संध्याकाळी कळप परतताच त्यांना पाजून शांत करावे. नुकतीच व्यालेली मेंढी व तिचे कोकरू रात्री कडेला राहू देऊ नये.

मेंढपाळांची वाघूर, म्हणजे कळपाभोवती लावण्याची जाळी, ही उत्तम सोय आहे. मात्र ती सैल सोडू नये. खालची कड खुंट्यांनी किंवा दगडांनी दाबून घ्यावी, कारण लांडगा उडी मारण्यापूर्वी खालून शिरता येते का ते पाहतो. बाहेरून बाभळीच्या वा बोरीच्या काट्यांचा फेर दिल्यास अधिक बरे. मेंढ्या बसविण्यासाठी ओढ्याच्या काठची, झुडपे असलेली किंवा उसाला लागून असलेली जागा टाळावी. यात शेतमालकानेही मदत केली पाहिजे. खत आपल्याला मिळते, तेव्हा मोकळ्या मधल्या वावरात जागा देणे आणि एक दिवा लावून देणे एवढे तरी आपल्याकडून व्हावे. दिवा रोज एकाच जागी ठेवू नये. प्राणी त्याला चार दिवसांत सरावतात.

कायम गोठा असणाऱ्यांनी सहा फूट उंचीची जाळी लावावी व तिचा खालचा भाग फूटभर जमिनीत गाडावा. हे लांडगा व कुत्र्यांसाठी पुरेसे आहे. बिबट्याचा वावर असेल तर वरूनही जाळी किंवा पक्के छप्पर हवेच. भिंत कितीही उंच असली तरी उघड्या गोठ्यात बिबट्या उतरतो, आणि कोंडलेल्या जागेत सगळीच जनावरे मारतो. दाराला कडी-कोयंडा असावा, दोरी चालणार नाही. कुंपणात थेट घरगुती वीज कधीही सोडू नये. त्यात माणसे मेली आहेत, आणि तो गुन्हा आहे. वीज लावायचीच असल्यास ठरावीक अंतराने सौम्य झटका देणारे सौर कुंपणाचे यंत्रच वापरावे.

दिवसा चरताना कळप फार पसरू देऊ नये. लंगडी, आजारी, मागे रेंगाळणारी मेंढी प्रथम जाते. एक लांडगा समोर दिसतो, कुत्री व माणूस त्याच्यामागे धावतात आणि दुसरा मागून मेंढी उचलतो, असे मेंढपाळ सांगतात. तेव्हा कळपामागे एक माणूस नेहमी असावा. दिवसउजेड होताना व दिवस मावळताना विशेष सावध राहावे.

कुत्र्याबद्दल थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. राखणीचा कुत्रा हा शिकारी कुत्रा नव्हे. पिलू दीड-दोन महिन्यांचे असताना कोकरांमध्ये सोडावे आणि पुढचे दोन-तीन महिने तेथेच वाढवावे. असे पिलू मेंढ्यांनाच आपला कळप मानते. माणसांच्या पोरांत खेळून वाढलेला कुत्रा रात्री चुलीजवळ येऊन झोपतो. कोयोटचा त्रास असलेल्या अमेरिकन मेंढपाळांनीही शेवटी हाच मार्ग धरला आणि युरोप व तुर्कस्तानातून राखणीच्या जाती आणल्या. आपल्याकडे त्यासाठी परदेशी जात आणण्याची गरज नाही. गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधावा. तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस व पुढे दरवर्षी मात्रा द्यावी. माळावरच्या लांडग्यांना रेबीज व डिस्टेंपर हे रोग कुत्र्यांकडून लागतात, आणि पिसाळलेला लांडगा दिवसाढवळ्या वस्तीत शिरून दिसेल त्याला चावतो. असा चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लसीबरोबर जखमेत द्यावयाचे प्रतिविषही घ्यावे. मंतरलेला दोरा बांधून वाट पाहू नये.

मेलेली जनावरे व पोल्ट्रीची घाण उघड्यावर टाकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. उकिरड्यावर पोसलेली कुत्री व कोल्हे मग जिवंत करडांकडे वळतात.

नुकसान झाल्यास

वन्यप्राण्याने शेळी-मेंढी मारल्यास वनविभागाकडून आर्थिक साहाय्य मिळते. ते घेताना बहुतेकांची चूक एकच होते, ती म्हणजे मेलेले जनावर हलविणे किंवा पुरून टाकणे. पंचनामा होईपर्यंत ते जागीच ठेवावे. कुत्री ओढू नयेत म्हणून वर काटे व दगड रचावेत. ४८ तासांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी यांना कळवावे. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. शक्य तर जखमांचे व ठशांचे छायाचित्र काढावे आणि माप कळण्यासाठी ठशाशेजारी काडेपेटी ठेवावी. परिसरात त्यानंतर विषबाधेने मेलेला वन्यप्राणी सापडला तर साहाय्य अडते. साहाय्याचे दर शासन निर्णयाप्रमाणे बदलत असतात, ते परिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्यावेत. फिरत्या मेंढपाळांनी अर्जासोबत आधार कार्ड व बँक पासबुकाची प्रत जवळ ठेवावी, कारण पंचनामा एका तालुक्यात होतो आणि पैसे येईपर्यंत कळप तिसऱ्याच तालुक्यात पोचलेला असतो.