संगणकाची कोणती भाषा शिकावी ?

सोलापुरी चादरीचा जॅकार्ड माग ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ आठवत असेल. भोंकांच्या क्रमाप्रमाणें ताण्याचे धागे उचलले जातात व नक्षी उमटते. पुठ्ठे बदलले कीं त्याच मागावर निराळी नक्षी निघते. यंत्र तेंच, सूचना निराळ्या, हें तत्त्व संगणकाचेंही आहे. मात्र त्याच्या सूचना खास बनविलेल्या भाषांत लिहितात. या भाषा आतां इतक्या झाल्या आहेत कीं, पुण्याच्या हिंजवडीकडे दृष्टि लावून बसलेल्या सोलापुरच्या मुलामुलींच्या घरीं वडील मंडळीस प्रश्न पडतो : जावा, सी प्लस प्लस कीं पायथन ? फी आज भरावयाची, आणि भाषा उद्यां मागें पडली तर ?

या तिन्ही भाषांत 'ऑब्जेक्ट' ही एकच कल्पना आहे. पूर्वीं माहिती एकीकडे व ती बदलणाऱ्या सूचना दुसरीकडे असत. प्रोग्रॅम वाढला म्हणजे कोणी कोठें हात घातला हें कळेनासें होई. नॉर्वेंतील डाल व न्यूगार्ड यांनीं 'सिम्युला ६७' या भाषेंत दोहोंस एकत्र बांधलें. बँकेच्या खात्याचें उदाहरण घ्या. शिल्लक खात्याच्या आंत. ती बदलावयाची तर भरणा व उचल या दोनच दारांनीं. शिवाय 'खातें' या सामान्य वर्गाचे गुण बचत खात्यास वारशानें मिळतात, व तें आपले कांहीं नवे गुण त्यांस जोडतें.

आतां भेद पाहूं. स्ट्रूस्ट्रुप यांनीं १९७९ मध्यें आरंभिलेली व १९८५ मध्यें बाहेर पडलेली सी प्लस प्लस अतिशय वेगवान. परंतु संगणकाची स्मृति जपण्याचा भार बव्हंशीं लिहिणाऱ्यावर. १९९५ ची जावा स्मृतीची झाडलोट स्वतः करते, व तिचा प्रोग्रॅम निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांवर चालतो. म्हणून बँका व मोठ्या कंपन्या तिच्याकडे वळल्या. १९९१ ची पायथन सुटसुटीत व शिकण्यास सोपी. ती चालण्यांत मंद खरी, पण जड काम सी व सी प्लस प्लसमध्यें लिहिलेल्या भागांकडून करवून घेते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांत आज तिचाच बोलबाला आहे.

भविष्याविषयीं म्हणाल, तर यांपैकीं एकही भाषा लवकर नाहींशी होईल असें आम्हांस वाटत नाहीं. १९५९ मध्यें आंखलेली कोबोल अद्यापि बँकांत राबते आहे. ओसरत आहे तो वारशाचा मोह. मूळ वर्गांत केलेला एक फरक खालच्या साऱ्या पिढ्यांस जाचतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको. २००९ ची गो व २०१५ मध्यें स्थिरावलेली रस्ट या भाषांनीं वर्गांचा वारसा वगळला. माहिती व तिचे व्यवहार एकत्र ठेवण्याची शिस्त मात्र राखली. तेव्हां टिकते ती शिस्त.

हल्लीं यंत्रेंही प्रोग्रॅम लिहूं लागलीं आहेत. अशा वेळीं केवळ भाषेचे नियम पाठ असणाऱ्याची किंमत घटेल, आणि रचना तपासून चूक दाखविणाऱ्याची वाढेल. म्हणून वर्षभरांत चार भाषांची प्रमाणपत्रें गोळा करण्यापेक्षां एकच भाषा मन लावून शिकावी. दुसरी पुढें अल्प श्रमांत येते. वडील मंडळींनींही मुलांस "कोणती भाषा शिकलास ?" असें न विचारतां "तिच्यांत काय बनविलेंस, आणि तें असेंच कां ?" असें विचारावें. याचें उत्तर मुलानें नीट दिलें, तर फी सत्कारणीं लागली असें खुशाल समजावें.