उन्हाळ्यात जलाशयातले मासे कुठे जातात?

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि त्यामागे मोठा जलाशय पसरला. अशा जलाशयात मे महिन्यात जाळी संध्याकाळी टाकावीत व पहाटे उचलावीत, हे उत्तम. असे का बरे?

मासे पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांवाटे घेतात. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना साडेसातच! शिवाय तापलेले पाणी हलके, म्हणून ते वरच राहते. जलाशय खोल असेल तर खालचे थंड पाणी त्यात मिसळत नाही, आणि तळाशी कुजणारा पालापाचोळा तिथला प्राणवायू संपवतो. वर ऊन, खाली घुसमट. मासा बिचारा मधल्या थरात दिवस काढतो. ऊन उतरले की खाद्यासाठी वर, काठाकडे येतो. अंधारात त्याला जाळ्याचा बारीक धागा दिसत नाही. आसात, म्हणजे जाळ्याच्या भोकात, डोके शिरते, अंग अडते. मागे सरावे तर धागा कल्ल्यांत रुततो. जाळे उचलायला उशीर झाला, तर मेलेला मासा गरम पाण्यात लवकर नासतो.

खरा प्रश्न आसाचा आहे. पाणी आटले की मासे थोड्या जागेत दाटतात. आस बारीक असेल, तर बोटाएवढी पिलेही निघतात. कटला व रोहू पावसाळ्यात, पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. त्यामुळे मे महिन्यात सापडलेल्या मोठ्या मादीच्या पोटात लाखो अंडी तयार होत असतात. बाजारात त्यांनाच गाबोळी म्हणतात.